कुरणातल्या बायका, भिंतीवरच्या बायका

व्होलेनडामच्या धक्क्यावर फोटोच्या दुकानांची रांगच आहे. आलेल्या पाहुण्याच्या अंगावरच्या कपड्यांवरूनच काळा घागरा आणि रेघारेघांचा एप्रन चढवतात, डोक्यावर दोन बाजूंना कान फुटलेली पांढरी लेसची टोपी बसवतात, पायांत लाकडी बूट सरकवतात. हातात ट्यूलिपची टोपली, नाहीतर दुधाची बादली. आमच्या पुढे एक मराठी कुटुंब होतं. त्यातल्या आजी नऊवारीत होत्या, घागरा नऊवारीवरच बसला. बादली हाती येताच त्यांनी ती कमरेला टेकवली, एक पाय किंचित पुढे टाकला आणि अंगाचा तोल दुसऱ्या बाजूला नेला. भरलेली बादली वाहणारी बाई अशीच उभी राहते. फोटोग्राफरला ते पसंत पडलं नाही. त्याने बादली दोन्ही हातांनी पोटासमोर धरायला लावली, मान कलती केली आणि हसायला सांगितलं.

मी नेदरलँड्सला आले होते ते नेमक्या याच गोष्टीचा माग काढत. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी मेंढपाळणी आणि गवळणी हौसेने रंगवल्या. पुस्तकांतून ती चित्रं पाहताना माझी नजर दर वेळी त्यांच्या हातांवर जाऊन थांबायची. फलटणकडे माझ्या आत्याच्या घरी म्हशी आहेत. वर्षानुवर्षं धार काढणाऱ्या बाईची बोटं कशी होतात, मनगटं कशी सुजतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. चित्रांतल्या बायकांचे हात मात्र लोण्याचे. हे हात कुठून आले, ते मला चित्रांसमोर उभं राहून आणि चित्रांबाहेरच्या कुरणात फिरून समजून घ्यायचं होतं. उत्रेख्तला राहणारी माझी मावसबहीण, आमची ताई, सोबतीला होती.

व्होलेनडामहून सायकलने आम्ही बेम्स्टरला गेलो. बेम्स्टर हा १६१२पर्यंत तलाव होता. चाळीसहून अधिक पवनचक्क्यांनी पाणी उपसून सुमारे ७,००० हेक्टर जमीन कोरडी केली गेली, आणि तिच्यावर पट्टीने आखल्यासारखे रस्ते, कालवे आणि चौकोनी शेतं पडली. आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या प्रदेशाचं नाव आहे. कालव्यातलं पाणी रस्त्याच्या वर आणि गाई रस्त्याच्या खाली, असं दृश्य मी तिथे प्रथमच पाहिलं. शेताच्या फाटकाशी एका फळीवर अंडी मांडलेली आणि शेजारी पैशांचा डबा ठेवलेला. माणूस कोणी नाही. घरांच्या खिडक्यांना पडदे नाहीत, आतली कॉफीची भांडी रस्त्यावरून दिसतात, पण आत डोकावून बघणं असभ्य. आमच्याकडे याच्या अगदी उलट असतं. दाराला पडदा असतो आणि ओटीवरची आजी येणाऱ्याजाणाऱ्याला हटकून ‘कुणाची गं तू?’ विचारते.

तलाव उपसायला पैसा घातला तो अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी. त्यांच्यात पुढे होता डिर्क व्हान ओस, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. याच कंपनीची वखार पुढे १६३७ साली आपल्या वेंगुर्ल्यात आली. पूर्वेकडच्या व्यापारात कमावलेला पैसा समुद्राच्या पातळीखालच्या या मातीत उतरला, शेतं कुळांना कसायला गेली, आणि मालकांनी उन्हाळ्यात राहायला इथे बंगले बांधले. त्या काळी कमाई झाली की श्रीमंत डच माणूस चित्रं घ्यायचा, आणि गावाकडचं चित्र म्हटलं की हातात काठी घेतलेली मेंढपाळीण हमखास आवडायची. बेम्स्टरच्या ओल्या गवतात तेव्हाही आजच्यासारख्या गाईच होत्या. मेंढरं होती ती पूर्वेकडच्या माळरानावर, आणि ती राखायचे बहुतेक पुरुष. म्हणजे खिडकीतून दिसणारी बाई गवळण, आणि भिंतीवर मेंढपाळीण. ती शेतातून आलीच नव्हती. ती आली होती लॅटिन कवितेतून आणि इटालियन नाटकांतून.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पाउलस मोरेल्से या चित्रकाराची १६३० सालची मेंढपाळीण आहे. हा मोरेल्से उत्रेख्तचा बडा माणूस होता. तो नगरसभेत होता, शहराची एक वेसही त्याने आखली. त्याच्या मेंढपाळणीचा गळा खोल, कांती दुधासारखी, गालांवर लाली. उन्हाने तिला कधी शिवलेलं नाही. ती आपल्याकडे सरळ बघते, आणि ते बघणं इतकं जिवंत आहे की मी तिथून लवकर हलू शकले नाही. चित्र सुंदर आहे, हे मला आधी म्हणायचं आहे. कापडाची चुणी, कातडीवरचा उजेड, ओठांची कड, सगळं मनापासून रंगवलेलं आहे. मग मी तिचे हात पाहिले. ते काम केलेले हात नव्हते.

त्या काळी अशी सजायची हौस राजघराण्यांपर्यंत पोचली होती. १६४० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये क्रिस्पाइन द पास याचं एक पुस्तक निघालं. त्यात ख्रिस्ती जगातल्या थोर घराण्यांतल्या स्त्रिया मेंढपाळणींच्या वेशात कोरलेल्या आहेत. रेम्ब्रांटचा शिष्य होव्हर्ट फ्लिंक याने तर खुद्द गुरूलाच मेंढपाळ करून रंगवलं. हा वेश घातला की माणूस साधा, निर्मळ, प्रेमळ दिसतो, अशी सगळ्यांची खात्री. गावची बाई शहरातल्या बाईचा एक दागिना झाली होती. आणि दुसऱ्या बाजूला तोच खोल गळा आणि तीच काठी गणिकांच्या चित्रांतही चालायची. खऱ्या मेंढपाळणीला यातलं काहीच विचारलं गेलं नव्हतं. आपल्या तमाशातली गवळण मला इथे आठवल्याशिवाय राहिली नाही. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या त्या बायकांच्या डोक्यावर माठ असतो, पण त्यांची वाट अडवली जाते, थट्टा होते, नाच होतो. बाजारात दह्याला काय भाव मिळाला हे त्या गवळणीत कोणी सांगत नाही.

त्याच संग्रहालयात पुढे व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आहे. हे चित्र जेमतेम दीड फूट उंचीचं आहे, आणि त्याच्यासमोर कायम गर्दी असते. ही शेतातली बाई नव्हे, कुणाच्या तरी घरची मोलकरीण आहे. तरी मी तिच्यासाठी मुद्दाम थांबले, कारण तिच्या बाह्या वर सरकवलेल्या आहेत आणि त्याखाली हात रापलेला आहे. बाही जिथे एरवी संपते, तिथे कातडीचा रंग बदलतो. त्या शतकातल्या किती चित्रकारांनी ती रेघ पाहिली असेल आणि रंगवताना पुसून टाकली असेल. व्हर्मीरने ती ठेवली.

उत्रेख्तला ताईच्या घरी दुपारचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि ताक. ताकात ना मीठ, ना जिरं, ना कोथिंबीर. पेला भरून पांढरंस्वच्छ प्यायचं. तिच्या शेजारीण बाई कॉफीला आल्या. ठरल्या वेळेला आल्या, एका कपाबरोबर एक बिस्किट घेतलं, डबा पुन्हा पुढे केला तर नको म्हणाल्या, आणि ठरल्या वेळेला उठल्या. ‘थांबा, जेवूनच जा’ हे वाक्य या देशात कुठेच ऐकू आलं नाही. पण त्यांनी जे विचारलं ते मन लावून विचारलं, आणि मेंढपाळणींचा विषय निघताच म्हणाल्या, ‘मग आमच्या होंटहोर्स्टला भेटल्याशिवाय जाऊ नका.’

होंटहोर्स्ट या चित्रकाराचं १६२५ सालचं चित्र शहराच्या सेंट्राल म्युझियममध्ये आहे. गोष्ट नाटककार होफ्टच्या १६०५ सालच्या ‘ग्रानिडा’ नाटकातली. पर्शियाची राजकन्या ग्रानिडा शिकारीत वाट चुकते, तहानेने व्याकूळ होते, डाइफिलो नावाचा मेंढपाळ तिला शिंपल्यातून पाणी देतो. तिला वाटतं, खरं सुख याच्याच आयुष्यात आहे. ती राजवाडा सोडून रानात येते. चित्रात दोघं झाडाखाली बिलगून बसली आहेत आणि मागून तिला शोधणारे शिपाई येताहेत. डच चित्रकारांच्या मेंढपाळणींची आई म्हणायची तर ही ग्रानिडाच. मेंढपाळणीच्या वेशातली राजकन्या. डाइफिलोची आधीची मैत्रीण डोरिलेआ ही नाटकातली जन्माने मेंढपाळ असलेली मुलगी. तिला सोडून तो राजकन्येकडे वळतो. डोरिलेआ मला या सगळ्या चित्रांत कुठेतरी हरवून गेलेली वाटते.

खऱ्या भटकंतीत मेंढरांमागे राहणाऱ्या बाईला काय काय करावं लागतं, ते आमच्या भागात दर वर्षी डोळ्यांसमोरून जातं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरतात. घोड्यावर बिऱ्हाड लादणं, उतरवणं, नवजात कोकरं सांभाळणं, पाणी शोधणं, पाल ठोकणं, भाकरी थापणं हे सगळं बायका करतात. त्यांना कधी झाडाखाली टेकून बसलेलं मी पाहिलेलं नाही.

उत्रेख्त आणि गौडा यांच्या मधला प्रदेश सपाट, हिरवा आणि पाण्याने चिरलेला. वूर्डनजवळच्या एका शेतघरात अजून कच्च्या दुधाचं चीज घरीच करतात. करणाऱ्या बाई साठीच्या, उंच, पांढऱ्या रबरी बुटांतल्या. सकाळचं दूध हौदात कोमट होतं. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट पडलं आणि अर्ध्या तासात ते दह्यासारखं बसलं. मग तारा लावलेल्या सुऱ्या फिरल्या, निवळी सुटली, गरम पाणी पडलं, दाणे धुतले गेले. दाणे हातांनी साच्यात दाबून भरायचे. त्यावर वजन ठेवायचं. नंतर मिठवणी, नंतर फळ्यांवरची मांडणी आणि रोजचं उलटणं. एक किलो चीजला दहा लिटर दूध लागतं, आणि एक चाक बारा किलोचं. कोठारात अशी चाकं छतापर्यंत. त्यांनी एक माझ्या हातात दिलं. पुढचं उलटायला मी मागितलं नाही.

पूर्वी हे काम शेतावर बायकांचंच होतं. उन्हाळ्यात गाई रात्रंदिवस कुरणात असायच्या, म्हणून दिवसातून दोनदा बायकांनीही तिथे जायचं, कुठे होडीतून, कुठे चालत. खांद्यावर लाकडी जोखड आणि दोन टोकांना भरलेल्या बादल्या. मग घरी येऊन लोणी घुसळणं, चीज करणं. गौडा आणि एडामच्या चीजची कीर्ती या हातांनी जगभर नेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने आले आणि हे कसब घरातून उठून बाहेर गेलं, तिथे कामाला पुरुष लागले. त्यानंतरच्या काळात गवळण वेष्टनावर आली. १९६१ साली डच दूधधंद्याने जर्मन गिऱ्हाइकांसाठी ‘फ्राउ आंत्ये’ नावाची पांढऱ्या टोपीतली हसरी मुलगी तयार केली. चीजच्या खोलीतून बाई गेली, आणि तिचं चित्र मात्र दुकानात येऊन बसलं.

मी त्या बाईंना दोन पोस्टकार्डं दाखवली. व्हर्मीरचं त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग ताईला म्हणाल्या, ‘डावा हात भांड्याच्या खाली आहे, म्हणजे भांडं जड आहे. आणि धार बारीक आहे. ती मापून ओततेय, सांडायचं नाहीये तिला.’ मोरेल्सेच्या मेंढपाळणीबद्दल त्या काय म्हणतील याची मला उत्सुकता होती. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ‘आमच्या आईच्या बैठकीत अशीच एक टांगलेली होती. दिवसभर चीजच्या खोलीत राबून आली की आई तिच्याकडे बघत बसायची. तिला फार आवडायची ती.’

हे ऐकलं आणि आत्याचं माजघर डोळ्यांसमोर आलं. तिथे कितीतरी वर्षं चित्रकार मुळगावकरांच्या गवळणीचं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी आत्याने चित्र काढू दिलं नव्हतं, तारखा फाडून टाकल्या होत्या. दलाल आणि मुळगावकरांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर रंगवलेल्या गावाकडच्या बायकांचे हातही असेच मऊ होते, आणि त्या चित्रांवर खऱ्या गावाकडच्या बायकांनी जीव लावला. दमलेल्या बाईला आपल्यासारख्याच बाईचं न दमलेलं रूप बघावंसं वाटतं. ते तिच्या मालकीचं स्वप्न आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ नये. माझी तक्रार आहे ती बेम्स्टरच्या बंगल्यातल्या माणसाबद्दल. त्याच्या खिडकीबाहेर खरी बाई जोखड वाहत होती, तिचं दूध तो पीत होता, आणि तिच्याकडे न बघता येण्याची सोय म्हणून त्याने भिंतीवर दुसरी टांगली.

गौड्याला गुरुवारचा चीजबाजार भरला होता. १६६८च्या वजनघरासमोरच्या चौकात पिवळी चाकं रचलेली, आणि सौदा करणारे दोघे एकमेकांच्या तळहातावर टाळी देत भाव बोलत होते. एक टाळी, एक भाव, सगळ्यांसमोर. आमच्या बाजारात जुन्या हत्ता पद्धतीत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि शेतकऱ्याला शेजारच्याचा भाव कळायचा नाही. ही उघडी टाळी मला फार आवडली. पारंपरिक पोशाखातल्या मुली चीजचे तुकडे वाटत होत्या. सौदा करणारे मात्र दोघेही पुरुष होते.

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात पॉटर या चित्रकाराने १६४७ साली रंगवलेला प्रचंड वळू आहे. त्याच्या पाठीवरच्या माश्यासुद्धा दिसतात. जनावराकडे इतकं निरखून पाहणाऱ्या या कलेला बाईचे हात दिसले नाहीत असं कसं म्हणावं? शेजारच्या दालनांत राउसडालचा हार्लेमचा देखावा आहे. दोन तृतीयांश आकाश, खाली शहराची रेघ, आणि पुढे हिरव्या मैदानावर पसरलेल्या पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या. हार्लेमच्या लिनन-धुलाईची तेव्हा युरोपभर ख्याती होती. कापड राखेच्या खारात उकळायचं, आंबट ताकात भिजवायचं, गवतावर पसरून पुन्हा पुन्हा पाणी मारायचं, असं महिनोन् महिने. यात राबणाऱ्यांत बायका आणि मुली पुष्कळ. चित्रात त्या आहेत. कापड ताणताहेत, वाकताहेत, खरंखुरं काम करताहेत. पण एकेक बाई तांदळाच्या दाण्याएवढी, तिला चेहराच नाही. मेंढपाळणींच्या पांढऱ्याशुभ्र चोळ्यांचं कापड अशाच मैदानांवर धुतलं जात असणार.

तिथून पुढे माझ्या मनात एकच हिशेब चालू राहिला. चेहरा मिळाला की काम जातं, आणि काम मिळालं की चेहरा जातो.

ऑटरलोच्या जंगलात क्रोलर-म्यूलर संग्रहालय आहे. फाटकापाशी पांढऱ्या सायकली फुकट मिळतात, आणि पाइनच्या झाडांतून आत जायचं. इथे व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८५च्या उन्हाळ्यात काळ्या खडूने काढलेल्या शेतकरीण बायका आहेत. सरवा वेचणारी, खणणारी, कंबरेत दुमडलेली, पाठमोरी. घागऱ्याचा घेर एखाद्या टेकडीसारखा कागदभर उठलेला. त्याच उन्हाळ्यात त्याने भावाला पत्रात विचारलं होतं, की जुन्या डच चित्रांत तुला एक तरी खणणारा, एक तरी पेरणारा दिसलाय का? जुन्या गुरूंची माणसं काम करत नाहीत, हा त्याचा मुद्दा. राउसडालच्या मैदानावरच्या बायकांना तो विसरला, असं मला वाटतं. तरी त्याचं म्हणणं मुळातून खरं आहे. या पाठमोऱ्या बाईसमोर उभं राहिलं की आपल्याही कमरेत कळ येते. हात मातीत आहेत, आणि ते मातीचेच झाले आहेत. पण इथेही बाईचा चेहरा खाली, घागऱ्यापलीकडे.

म्हणून मी न्यूनेनला गेले. ब्राबांटमधलं हे छोटं गाव. १८८३च्या डिसेंबरपासून १८८५च्या नोव्हेंबरपर्यंत व्हिन्सेंट इथे होता, त्याचे वडील इथले पाद्री. त्यांचं घर अजून तसंच उभं आहे. इथे एका हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे चेहरे एकामागून एक रंगवले आणि त्यातून ‘बटाटे खाणारे’ हे चित्र उभं केलं. मूळ चित्र अ‍ॅमस्टरडॅमला आहे, गावात त्याचं काशाचं शिल्प आहे. डाव्या हाताला बसलेली तरुण बाई म्हणजे होर्डिना द ग्रोट. उजवीकडची म्हातारी कॉफी ओतते आहे. ज्या हातांनी बटाटे खणले तेच हात आता ताटात जाताहेत, हे त्याला दाखवायचं होतं. धुळीने माखलेल्या, ठिगळं लावलेल्या निळ्या कपड्यांतली शेतकरीण त्याला उंची पोशाखातल्या बाईपेक्षा सुंदर वाटायची, आणि तिनेच जर तसा पोशाख चढवला तर तिच्यातलं खरंपण जातं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. इथे चेहराही आहे आणि कामही.

त्याची किंमत होर्डिनाने मोजली. ती अविवाहित होती आणि तिला दिवस गेले. गावाने चित्रकाराकडे बोट दाखवलं. त्याने साफ नाकारलं. कॅथलिक धर्मगुरूने लोकांना त्याच्यासमोर बसायला मनाई केली. मेंढपाळणीच्या वेशात बसणाऱ्या थोर घरच्या बाईचं चित्राने काही बिघडत नव्हतं. स्वतःच्या रोजच्या टोपीत बसलेल्या शेतमजूर बाईचं नाव गावभर झालं.

गावाबाहेर पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच वरंबे आणि त्यांवर काळं प्लॅस्टिक. पांढऱ्या अस्पॅरॅगसचा हंगाम. वसंतात सुरू होतो आणि २४ जूनला, संत योहानाच्या दिवशी थांबतो. आदल्या रात्री आम्ही ते उकडलेल्या अंड्याबरोबर, वर पातळ लोणी ओतून खाल्लं होतं. तोंडात विरघळतं. कोंब मातीबाहेर येण्याआधीच काढायचा असतो. प्लॅस्टिक उचलायचं, बोटांनी माती सारायची, लांब सुरीने खाली कापायचं, खड्डा बुजवायचा, पुढच्या कोंबाकडे सरकायचं. हे काम करायला पोलंड-रोमेनियाहून माणसं येतात. त्या शेतात बहुतेक बायका होत्या, सगळ्या कंबरेत वाकलेल्या, सगळ्या पाठमोऱ्या.

ताईने फोटो काढू का म्हणून लांबूनच खुणेने विचारलं. जवळच्या ओळीतल्या बाईने हात वर करून थांबवलं. सुरी वरंब्यात रोवली, हातमोजे काढले, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला आणि ताठ उभी राहिली. मग स्वतःचाच फोन खिशातून काढून ताईच्या हातात दिला. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, घरी मुलीला पाठवायचा आहे. ताईने काढला. बाईने फोन घेतला, सावलीत धरून पाहिला आणि मान हलवली. बांधावर तिने भरलेल्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘या आल्या नाहीत. पुन्हा काढा. सगळ्या यायला हव्यात, सकाळपासूनच्या.’